पाच गुणांचा फड

जो देश उरलेलाच नाही त्याची राज्यघटना मी अख्खं एक सत्र शिकवली आहे. नाशिकच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो आणि तिसऱ्या वर्षाचा ‘प्रमुख राज्यघटना’ हा पेपर माझ्या गळ्यात पडला होता. ब्रिटन, अमेरिका, स्वित्झर्लंड आणि सोव्हिएत संघ. त्या हिवाळ्यात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. अभ्यासक्रम होता तिथंच राहिला. मी फळ्यावर सर्वोच्च सोव्हिएतची रचना काढत होतो तेव्हा सिन्नरकडच्या एका मुलानं उठून विचारलं, “सर, तो देश गेला म्हणतात. मग हे प्रकरण ऑप्शनला टाकायचं का?” मी खडूचे हात झटकले आणि भारदस्तपणे सांगितलं की विद्यापीठाचं परिपत्रक येईपर्यंत देश आहे असंच धरायचं.

वर्ग खदखदून हसला. माझ्या विनोदावर हसला असं समजून मीही हसलो. मी विनोद केलाच नव्हता, हे घरी जाताना लक्षात आलं.

नेमके त्याच वेळी आमचे विभागप्रमुख व्हरांड्यातून चालले होते. ते माझेही गुरू. याच कॉलेजात, याच बाकांवर त्यांनी मला शिकवलं होतं, त्यामुळे मी हजेरीपट घेऊन फिरू लागलो तरी त्यांच्या लेखी ‘अरे तू’च होतो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. विभागात आल्यावर ते म्हणाले, तू चुकून खरं बोललास. आपल्या विषयात राज्य, नागरिक, स्वातंत्र्य, सगळं परिपत्रकानंच येतं.

सर मूळचे बागलाणातले, मोसम नदीकाठच्या एका गावचे. शहरात इतकी वर्षं काढून त्यांची मराठी अशी धुऊन वाळवून घडी घातलेली झाली होती की ते घरी अहिराणी बोलतात यावर विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नसे. विभागात एक लोखंडी कपाट होतं. वरच्या फळीवर इंग्रजांची जाडजूड पुस्तकं: संसद, कायद्याचं राज्य, सार्वभौमत्व. मधल्या फळीवर अमेरिकन: आकृत्या, तक्ते, मतदारांचं वर्तन. खालच्या फळीवर रशियातून आलेली गुळगुळीत कागदाची स्वस्त पुस्तकं, काही तर थेट मराठीत. एका कोपऱ्यात आपला प्राचीन राज्यविचार होता, म्हणजे राज्याची सात अंगं आणि त्या सातांमध्ये शेतकरी शोधायचा झाला तर भिंग लागेल असा. कपाट उघडलं की सर म्हणायचे, “बघ, एवढी साम्राज्यं. यात स्वदेशी काय असेल तर कुलूप.”

हे ते हसत म्हणायचे, पण आतून हसत नसत. त्यांना निवृत्तीआधी एकच गोष्ट करून जायची होती. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात ‘राज्याच्या उत्पत्तीचे सिद्धांत’ असं एक प्रकरण असतं. राज्य देवानं निर्माण केलं, बळजबरीनं झालं किंवा लोकांनी आपसात करार केला म्हणून झालं. सर म्हणायचे, तो करार कुठं झाला, कधी झाला, कुणी बघितला नाही, तरी आपण पिढ्यानपिढ्या शिकवतो. माझ्या गावात दरवर्षी फडाची बैठक होते, ती मी डोळ्यांनी बघितली आहे, ती कुठल्याच पुस्तकात नाही. फड त्या पुस्तकात जावा, स्वतःच्या पायावर, आपल्याकडचा राजकीय विचार म्हणून. एवढंच त्यांचं मागणं होतं.

फड म्हणजे तमाशाचा नव्हे आणि कुस्तीचाही नव्हे. मी नाशिकचा, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पोहून मोठा झालेला. मलाही तोवर तेच दोन माहीत होते. म्हणून सर मला एकदा गावी घेऊन गेले. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली. त्या प्रत्येक तुकड्याला फड म्हणायचं. एका फडात एका साली सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कुठल्या फडाला पाणी द्यायचं आणि कुठला कोरडा ठेवायचा हे पाणी बघून बैठकीत ठरायचं. आणि खुबी अशी की प्रत्येक शेतकऱ्याची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. त्यामुळे एखादा फड कोरडा राहिला तर गावातल्या सगळ्यांचंच थोडं थोडं जळायचं, कुणा एकाचं सगळं जळायचं नाही.

मी त्या बैठकीला पूर्ण तयारीनिशी गेलो होतो. नवे बूट, खिशाला दोन पेनं. पोचल्या पोचल्या विचारलं की अध्यक्ष कोण. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग विचारलं की गणसंख्या किती लागते. एका म्हाताऱ्यानं सरांना विचारलं की पाव्हणा कोर्टातला आहे का. तेवढ्यात पाट ओलांडताना माझा एक बूट चिखलात रुतला, पायातून निघाला आणि पाण्याबरोबर चालू लागला. मी त्याच्यामागं बांधाबांधानं धावत बऱ्याच लांब गेलो. बूट काखेत मारून परत आलो तर माणसं धोतरं झटकून उठत होती.

“ठराव कधी झाला?” मी विचारलं.

“तुम्ही बुटामागं गेले व्हते तव्हा,” म्हातारा म्हणाला.

कुणी हात वर केला नव्हता, मतं मोजली नव्हती. वरच्या अंगाच्या फडाला यंदा पाणी नाही, असं ठरलं होतं आणि जे सर्वांत जोरात भांडत होते तेच आता बिड्या पेटवत होते. परतताना एसटीत सर खिडकीशी बसले होते. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले की तू बघायला हवं होतंस, कुणी काही न बोलता बसून राहिले ना, ते जे मध्ये गप्प बसणं असतं, तिथं राज्य तयार होतं. मला ते शिकवायला जमलं पाहिजे.

त्यांनी लिहायला घेतलं. शनिवार-रविवार लिहायचे, सोमवारी मला वाचून दाखवायचे. वीसेक पानं झाली. त्यात बंधाऱ्यावर साठलेला गाळ काढायला गाव कसं उतरतं ते होतं, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला जो तो आपल्या पिकातला वाटा कसा देतो ते होतं, आणि ते गप्प बसणं होतं. पाटकऱ्याच्या निवडीत आणि बैठकीतल्या बसण्यात जात कुठं डोकं वर काढते, बायका बैठकीत का नसतात, तेही लपवलं नव्हतं. ऐकताना मला वाटायचं की हे आपल्याला परीक्षेला असतं तर आपण नापास तरी आनंदानं झालो असतो.

विद्यापीठात कुठला विषय शिकवायचा हे अभ्यासमंडळ ठरवतं. वेगवेगळ्या कॉलेजांतले प्राध्यापक टेबलाभोवती बसतात, चहा येतो, प्रकरणं आत-बाहेर होतात. सरांची पानं तिकडे गेली आणि काही महिन्यांनी परत आली. वर एका ओळीचा शेरा होता: लेखन रोचक आहे, तथापि सैद्धांतिक चौकट नाही.

आता माझा प्रवेश.

मी नुकताच उत्तरेकडच्या एका विद्यापीठात उजळणी वर्ग करून आलो होतो. प्राध्यापकांना मधूनमधून असं पाठवतात. तिथं मिळालेली रेक्झिनची बॅग मी लग्नालासुद्धा नेत असे. त्या वर्गात मला कळलं होतं की आपल्या विषयाची राष्ट्रीय पातळी नावाची एक गोष्ट असते आणि त्या पातळीवर माणसं ‘गाव’ म्हणत नाहीत, ‘व्यवस्था’ म्हणतात. लोक व्यवस्थेत मागण्या घालतात, ते आदान. व्यवस्था निर्णय बाहेर काढते, ते प्रदान. निर्णयाचा परिणाम परत मागण्यांवर होतो, ते प्रत्याभरण. मध्ये चौकोन, दोन बाजूंना बाण, खालून वळून येणारा तिसरा बाण. चौकोनात काहीही घालता येतं, रोमचं साम्राज्य घाला नाहीतर हाउसिंग सोसायटी. हे सगळं मधल्या फळीवरचंच होतं, तिकडे अमेरिकेत शिळं होत आलेलं. पण दिल्लीमार्गे आल्यामुळे मला ताजं वाटत होतं.

सर त्या दिवसांत गावी होते. भावाचं ऑपरेशन होतं. मंडळाची पुढची बैठक तोंडावर आली होती. मी गावातल्या किराणा दुकानात फोन करून त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की चौकटीचं मी बघतो. ते म्हणाले, “तुला योग्य वाटेल ते कर. तू ऐकलं आहेस सगळं.”

मला योग्य वाटलं ते मी केलं. वीस पानांची सहा केली. गाळाचं ‘सहभाग’ केलं. पाटकऱ्याचं ‘अंमलबजावणी यंत्रणा’. गप्प बसण्याचं काय करावं हे मात्र सुचेना. दोन दिवस त्याच्याभोवती फिरलो, मग ते ‘सहमती-प्रक्रिया’ म्हणून चौकोनात घातलं आणि झाकण लावलं. देवळाली कॅम्पात तोफखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ टायपिंग करून द्यायचे. आकृत्या काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी रोट्रिंगच्या पेनानं असे बाण काढले की मागण्या व्यवस्थेवर येऊन आदळणार आणि आजूबाजूची घरं रिकामी करावी लागणार असं वाटावं. मी त्यांना बाण जरा सौम्य करायला सांगितले तर त्यांना राग आला.

मंडळानं ते एका बैठकीत मंजूर केलं. अध्यक्षांनी मला फोन करून अभिनंदन केलं, म्हणाले की व्यवस्था विश्लेषणाला भारतीय उदाहरण मिळत नव्हतं, छान मिळालं. पाचव्या प्रकरणात, सिद्धांताच्या खाली, ‘उदाहरणार्थ’ या शब्दानंतर सरांचा फड गेला.

मी पेढे आणले. आणतोच माणूस. मेन रोडवरून अर्धा किलो आणले आणि सर गावाहून आले त्या दिवशी टेबलावर ठेवले, शेजारी छापील अभ्यासक्रम. सरांनी उभ्या उभ्या वाचलं. पान उलटून आकृती पाहिली, पुन्हा पहिल्या पानावर गेले, पुन्हा आकृतीवर आले. मी कौतुकाची वाट बघत पेढ्याचा कागद सोडत होतो. कॉलेजच्या आवारात त्यांच्या तोंडून मी कधी अहिराणी ऐकली नव्हती. त्या दिवशी ते अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले,

“हाई मनं नई शे.”

हे माझं नाही. एवढी अहिराणी मलाही कळत होती.

मग त्यांनी पेढा घेतला. चांगला आहे म्हणाले. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वेळापत्रक काढून पाचव्या प्रकरणासमोर माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, सर, ते तुम्ही शिकवा, त्यासाठीच तर केलं. ते म्हणाले की तूच शिकव, मला जमायचं नाही, मला ते बाण काढता येत नाहीत. रागावले असते तर मी हात जोडून माफी मागितली असती, दोन दिवस तोंड लपवलं असतं आणि पुन्हा त्यांच्या घरी चहाला गेलो असतो. रागवायला मागं काही शिल्लक असावं लागतं.

फड लोकप्रिय झाला. वर्षभरात गाइडं आली. ‘फड पद्धती: टीप लिहा, पाच गुण.’ मुलांना आकृती आवडायची, कारण चार रेघा ओढल्या की निम्मं पान भरतं. पेपर तपासायला आम्ही केंद्रावर बसायचो तेव्हा गठ्ठ्यामागून गठ्ठा उघडावा आणि प्रत्येकात तोच चौकोन. सर शेजारच्या टेबलावर असत. ते प्रत्येक चौकोनाला पाचपैकी पाच देत. मॉडरेटरनं हरकत घेतली तर म्हणायचे, मुलांची काय चूक?

सरांची एक पद्धत होती. सत्र संपताना ते प्रत्येक विद्यार्थ्याला विभागात बोलावून उभ्या उभ्या एखादा प्रश्न विचारायचे. गुण नाहीत, काही नाही; तोंड उघडायला लागावं म्हणून. एका वर्षी त्यांच्याच खोऱ्यातली, दोन गावं पलीकडची एक मुलगी आली. हुशार होती, होस्टेलला राहायची, सगळं पाठ. मी कोपऱ्यात वह्या चाळत बसलो होतो. सरांनी तिला फड विचारला. तिनं हवेत बोटानं चौकोन काढला आणि धडाधडा सांगितलं: आदान, प्रदान, प्रत्याभरण.

सरांनी विचारलं की घरी काय करतात.

“शेती आहे सर. आणि बाबा पाटकरी आहेत. आता पाणी नसतं तसं, पण आहेत.”

सर पुढं सरकून बसले. इतक्या महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला. “मग तू बैठक बघितली असशील. सांग की, काय होतं तिथं?”

मुलगी गोंधळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिचा पाचव्या प्रकरणाचा मास्तर. मग अगदी मनापासून, काही चुकू नये म्हणून तिनं विचारलं, “सर, ते पण लिहायचं का परीक्षेत?”

“नाही,” सर म्हणाले. “तुझं बरोबर आहे. छान सांगितलंस.”

ती गेल्यावर सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले की अभ्यासक्रम बदलेल तेव्हा एवढं कर, ते काढून टाक. मी म्हटलं, सर, आपण दुरुस्त करू, तुमची मूळ वीस पानं मंडळापुढं पुन्हा ठेवू. त्यांनी मान हलवली. म्हणाले, आता तिला तिच्या बापाचं काम तुझ्या चौकोनातून दिसतं. पुस्तकात नव्हतं तेव्हा निदान घरी होतं.

मी काढलं. तोवर मीच अभ्यासमंडळावर गेलो होतो, हा आणखी एक विनोद. नवं शतक लागलं होतं, सगळ्यांना ‘जागतिकीकरण आणि राज्य’ हे प्रकरण हवं होतं आणि जागा नव्हती. मी म्हटलं, फड वगळू. त्याला आत घेताना चौकट लागली होती, बाहेर काढताना कुणी कारणही विचारलं नाही. चहा यायच्या आत झालं.

तिकडे गावात फडही संपत आला होता. नदीवर वर धरण झालं, खाली ज्याच्या त्याच्या विहिरीवर मोटार आली, आणि ज्याचं पाणी त्याच्या मालकीचं झाल्यावर बैठकीला कोण कशाला बसेल. ज्या वर्षी पाट साफ करायला पहिल्यांदाच कुणी आलं नाही, त्या वर्षी सर निवृत्त होऊन गावी राहायला गेले होते. ते एकटेच फावडं घेऊन गेले होते, असं मला काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, फोनवर सांगितलं.

त्यानंतर एका उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. सटाण्याहून जीपनं. सर ओट्यावर बाजेवर पडून होते. काकूंनी दारातच सांगितलं की बोलणं कमी झालंय, पण तू आलास, बरं वाटेल. मी काय काय बोललो. कॉलेजचं नॅकचं मूल्यांकन झालं, राज्यशास्त्र स्पेशलला मुलं मिळत नाहीत, नवे प्राचार्य. ते ऐकत होते. मग म्हणाले, “मला एकदा फड सांग.”

“सर, तुम्हालाच?”

“मला माहितीये रे. तुझ्या तोंडून ऐकायचाय. साधा सांग. परीक्षा नाही.”

एवढी वर्षं घंटेपासून घंटेपर्यंत बोलण्याचा पगार घेतलेला माणूस मी. मी घसा साफ केला. म्हटलं, “फड ही सामूहिक जलव्यवस्थापनाची...”

सरांनी बाजेवरचा हात थोडा उचलला. “परत.”

“फड म्हणजे अशी एक व्यवस्था की ज्यात...”

“परत.”

या वेळी मी शब्दाच्या वाटेला न जाता पाण्यापासून सुरुवात करायची ठरवली. डोळ्यांपुढं बंधारा आणला, माणसं आणली, बिड्यांचा वास आणला. सगळं दिसत होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, “नैसर्गिक संसाधन मर्यादित असतं तेव्हा...”

सर हसायला लागले. त्यांचं हसणं खोकल्यात गेलं, काकू पाणी घेऊन धावत आल्या, मी त्यांना आधार देऊन बसवलं. मीही हसत होतो. काकूंना वाटलं की बरं झालं हा आला, किती दिवसांनी हसले. पाणी पिऊन त्यांनी माझा हात सोडला नाही. माझ्याकडे ते पाहत होते तेव्हा डोळे भरलेले होते आणि ते खोकल्यानं भरलेले नव्हते, एवढं मला कळलं.

मग ते स्वतःच सांगू लागले. अहिराणीत. विभागात कधी न बोललेल्या, त्या वीस पानांतही न लिहिलेल्या भाषेत, थांबत थांबत, मध्येच श्वास घेत. बंधारा, पाट, कुणाचा तरी आजा, कुठलं तरी कोरडं साल. मला त्यातलं निम्मंच कळत होतं. कळत नव्हतं तिथं थांबवून विचारावंसं वाटत होतं, पण विचारलं तर ते माझ्यासाठी मराठीत सांगतील, आणि मराठीत सांगताना मला समजेल असं सांगतील, या भीतीनं मी गप्प बसून राहिलो.

“इतलंच,” असं म्हणून ते दमून डोळे मिटून पडले. काकूंनी आतून विचारलं की काय म्हणाले, आणि मला सांगता आलं नाही.